'पऱ्या' चालेल का? खेळातले शब्द आणि शब्दकोश

दापोली तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न असा: गणपतीत घरी जमलेली मुलं अक्षरांच्या सोंगट्या जुळवून मराठी शब्द करण्याचा खेळ खेळत होती. त्यांच्या मुलीने 'पऱ्या' लावला आणि पुढच्या डावात 'आठळी'. पुण्याहून आलेल्या आतेभावाने फोनवर शोधलं, दोन्ही सापडले नाहीत, दोन्ही रद्द झाले. खेळात कोणता शब्द चालतो हे शब्दकोश कशावरून ठरवतात आणि कोकणातले शब्द मराठी म्हणून धरायचे की नाही, असं ते विचारतात.

दोन्ही शब्द चालायला हवेत, हे आधी सांगून टाकतो. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा, पावसाळ्यात भरून वाहणारा लहान ओढा. आठळी म्हणजे फणसाच्या गऱ्यातली बी. उकडून, भाजून, भाजीत घालून आपण ती खातो. रत्नागिरी जिल्ह्यात हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. पण प्रश्नाचा पहिला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक गैरसमज दडला आहे आणि तो फार पसरलेला आहे.

खेळात कोणता शब्द ग्राह्य, हे शब्दकोश ठरवतच नाहीत. कोश साक्षीदार आहे: हा शब्द अमुक अर्थाने, अमुक भागात वापरलेला आढळला, एवढीच साक्ष तो देतो. ती मान्य करायची की नाही, हा निर्णय खेळाचा.

इंग्रजीत हे स्पष्ट दिसतं, कारण तिथे या गोष्टीवर कित्येक दशकं वाद झाले आहेत. स्क्रॅबल हा अशाच अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ १९३०च्या दशकात आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुरचनाकाराने रचला आणि १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी त्याला आजचं नाव दिलं. त्याच्या नियमांत अमुकच कोश वापरा असं नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी खेळाडूंनी कोणता कोश मानायचा ते ठरवावं, असं आहे. स्पर्धा वाढल्या तसं हे पुरेना. म्हणून १९७८ साली अमेरिकेत केवळ या खेळासाठी एक कोश निघाला. त्या काळचे पाच महाविद्यालयीन कोश समोर ठेवून, त्यांतल्या एकात जरी शब्द असला तरी तो घ्यायचा, अशी त्याची पद्धत होती. विशेषनामं, संक्षेप, जोडरेघ किंवा लोपचिन्ह असलेले शब्द वगळले. ही गाळणी कोशकारांची नव्हे, खेळाची. कोशात संक्षेप असतात, उपसर्ग-प्रत्यय असतात, पटावर ते चालत नाहीत. 'ओके' हा जगभर बोलला जाणारा शब्द या यादीत २०१८ साली आला, तोवर कोशांत असूनही तो पटावर बाद होता.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. २०२० साली उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीतून वंश, धर्म, लिंग यांवरून माणसांना हिणवणारे दोनशेहून अधिक शब्द काढून टाकले. ते शब्द कोशांतून गेले का? नाही. कोशाने ते ठेवलेच पाहिजेत, जुना मजकूर वाचणाऱ्याला अर्थ कळायला हवा. पण खेळात अशा शब्दाला गुण द्यायचे की नाहीत हा प्रश्न वेगळा. लपवलेला शब्द अंदाजाने ओळखायच्या वर्डल या खेळातही हेच: जॉश वॉर्डल यांच्या मूळ मांडणीत अंदाज म्हणून चालणारे पाच अक्षरी शब्द जवळपास १३,००० होते, पण उत्तर म्हणून येऊ शकणारे सुमारे २,३००च. खेळणाऱ्याला ओळखीचे वाटतील तेवढेच निवडले होते. भाषा एक, खेळ एक, तरी याद्या दोन.

आणि बोलीचं काय? ब्रिटनमध्ये बरीच वर्षं स्क्रॅबलसाठी चेंबर्सचा कोश प्रमाण मानत. तो मूळ एडिनबरोचा, त्यामुळे स्कॉटलंडच्या बोलीतले शब्द त्यात भरपूर. पुढे ती जागा कॉलिन्सच्या यादीने घेतली, तरी आधी मान्य झालेले शब्द टिकले. गायींसाठी असलेला दोन अक्षरांचा एक स्कॉटिश शब्द, के आणि वाय, त्या यादीत आजही वैध आहे आणि अमेरिकेच्या यादीत नाही. लंडनमध्ये कुणी गायींना तसं म्हणत नाही, तरी तो लावणाऱ्याची सोंगटी कुणी उचलत नाही. पुण्यात कुणी ओढ्याला पऱ्या म्हणत नाही, म्हणून दापोलीच्या मुलीची सोंगटी का उचलावी?

आता आपल्या कोशांकडे येऊ. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. आठळी त्यात आहे, खाजणही आहे. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला, पुढे १९५० साली पुरवणी. या कोशाचं मला नेहमी कौतुक वाटतं ते त्यातल्या कंसांसाठी. शब्दापुढे (कों.) म्हणजे कोकण, (राजा.) म्हणजे राजापूर, (कु.) म्हणजे कुडाळ, (गो.) म्हणजे गोमंतक, (व.) म्हणजे वऱ्हाड. त्या काळात एका तालुक्याचं नाव शब्दापुढे लिहिण्याइतकी काळजी त्यांनी घेतली. पुष्कळ लोक ही खूण पाहून 'हा प्रमाण शब्द नाही' असा निष्कर्ष काढतात. मला ते अजिबात पटत नाही. खूण शब्दाचा पत्ता सांगते, दर्जा नव्हे. खेळात तर अर्थही मोजला जात नाही, फक्त शब्द आहे की नाही एवढंच. तिथे (कों.) लिहिलेला शब्द आणि काहीच न लिहिलेला शब्द यांना सारखेच गुण.

मग शब्द सापडत का नाहीत? पहिलं कारण, फोनवरचे कोश बहुतेक लहान असतात, शाळेतल्या आणि कार्यालयीन गरजेपुरते. दुसरं कारण जास्त खोल आहे. आधुनिक कोशकार शब्द घेताना लेखी पुरावा पाहतात: शब्द किती ठिकाणी, किती काळ, किती निरनिराळ्या लोकांनी वापरला. भातशेती, आगर, मासेमारी यांतले आपले असंख्य शब्द बोलण्यात पक्के आणि छापण्यात विरळ. तरवा, झाप, पाग, रापण, गडगा, मांगर हे शब्द ज्यांच्या तोंडी दिवसभर असतात त्यांना ते लिहिण्याचं कारण क्वचितच पडतं. कोशात नाही याचा अर्थ पुरावा गोळा झाला नाही, इतकाच.

तिसरं कारण निव्वळ तांत्रिक आहे आणि 'पऱ्या'च्या बाबतीत मला त्याचाच संशय जास्त. मराठीत हा ऱ्या वेगळा आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. एकाच आडव्या रफाराने अर्थ बदलतो. संगणकात हा ऱ्या दोन तऱ्हांनी साठवता येतो: खाली टिंब असलेला खास ऱ घेऊन, किंवा साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यांच्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. कोशात एका तऱ्हेने आणि तुमच्या कळफलकावर दुसऱ्या तऱ्हेने असेल, तर असलेला शब्दही 'नाही' म्हणून येतो. शिवाय काही जण 'पऱ्ह्या' असं लिहितात. म्हणून शोधताना दोन्ही रूपं पाहावीत, आणि शक्य असेल तर पान उलगडून अनुक्रमाने पाहावं. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

मात्र जुना कोश प्रमाण धरला की एक अडचण येते, तीही आधीच सोडवून ठेवा. दाते-कर्वे यांचा कोश १९६२च्या लेखननियमांच्या आधीचा. त्यात 'नांव' आणि 'गांव' असे अनुस्वार दिसतील. पूर्वी नांव म्हणजे माणसाचं आणि नाव म्हणजे पाण्यातली, असा भेद डोळ्यांना दिसत होता. नव्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही 'नाव' झाले. आता कुणी अनुस्वाराची सोंगटी लावून 'नांव' केलं आणि कोश पुढे केला तर? माझं मत असं की शब्द आहे की नाही यासाठी जुना कोश मानावा आणि तो लिहायचा कसा यासाठी आजचे नियम. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकाकडून मागितल्या की भांडण ठरलेलं.

याहून मोठा प्रश्न रूपांचा. इंग्रजी यादीत अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं धरून कॉलिन्सचे शब्द पावणेतीन लाखांच्या वर जातात, तरी यादी संपते. मराठीत घर, घरे, घराने, घराला, घरात, घरातून, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनाही असं मोजत बसलो तर यादी संपणारच नाही, आणि कोश तर फक्त 'घर' देऊन थांबतो. कोश न सांगणारी ही गोष्ट खेळणाऱ्यांनीच ठरवायची असते. मी असं सुचवेन: नामाचं एकवचन आणि अनेकवचन चालावं, विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं लावलेली रूपं चालू नयेत. 'घरा' हे सामान्यरूप एकटं उभं राहत नाही, म्हणून तेही नको. क्रियापदाचं 'णे'वालं रूप कोशात असतंच, त्याबरोबर आज्ञार्थ घ्यावा. जा, ये, बस, शिप. 'शिप' अगदी हक्काने, माडांना पाणी लावायला आपण शिपणंच म्हणतो. भूतकाळाची रूपं घ्यायची की नाहीत हे वयावर सोपवा, लहान मुलं असतील तर घ्या.

नाव-गाव-फळ-फूल खेळताना हे सगळं उलटं होतं. तिथे विशेषनामांशिवाय खेळच नाही, आंजर्ले, केळशी, हर्णै हे पहिल्या फटक्यात लिहिले जातात आणि कोशाला कुणी विचारत नाही. गाव माहीत असलेला एक माणूस पुरतो.

राहता राहिला मालवणी शब्दांचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण सावंतवाडीकडचे पाहुणे आले की निघेलच. चेडू (मुलगी), झील (मुलगा), व्हाळ (ओढा) हे शब्द मराठीच्या पटावर चालावेत का? मालवणीला अनेक जण कोंकणीची बोली मानतात, आणि कोंकणीला १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र स्थान मिळालं, ते योग्यच झालं. पण दाते-कर्वे यांनी (गो.) आणि (कु.) लिहून घेतलेले शब्द त्यामुळे मराठीतून बाहेर पडत नाहीत. एक शब्द दोन भाषांत असू शकतो, सीमेवरच्या गावांत तर असतोच. त्या खुणेने कोशात आलेला शब्द मी निःशंक घेईन. कोशात नसलेल्या मालवणी शब्दासाठी खेळणाऱ्यांपैकी निदान दोघांनी, एकमेकांना न विचारता, तोच अर्थ कागदावर लिहून दाखवावा. जुळला तर गुण द्यावेत.