नाथांची कावड आणि तुझा प्रबंध

लेकरा, प्रबंधासाठी नीतिशास्त्र आणि ट्रान्सपर्सनल मानसशास्त्र (‘मी’पणापलीकडच्या, आध्यात्मिक अनुभवांचा अभ्यास) दोन्ही ओढतात तुला, हे छानच. पण आधी नीतिशास्त्रातले कांट आणि मिल नीट वाचून काढ, वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून. ट्रान्सपर्सनल शाखेतले मॅस्लो, ग्रोफ नंतर. या शाखेचं नियतकालिक निघालं १९६९ मध्ये, म्हणजे शाखा तशी कोवळी; पुराव्याबद्दलचे वाद अजून चालू आहेत, ते टाळू नकोस.

तू पैठणचा. एकनाथांची, आपल्या नाथांची, गोष्ट लहानपणापासून ऐकलेली: रामेश्वराला न्यायचं कावडीतलं गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. संकल्प मोडला की पाळला? सर्वांभूती एकच तत्त्व दिसलं, तर तेवढ्यानं कृती योग्य ठरते का? मला तरी तुझा विषय इथंच दिसतो. दिवाळीत गावाकडं आलास की वही घेऊन ये, ओसरीवर बसून बोलू.