बिल्ड बदलू नका, आधी तिघांनी एकाच माणसावर जाणं थांबवा

तुझा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकच्या पंचवटी आणि सिडकोतले तुम्ही सहा मित्र मिळून ईए एफसी (आधीचं फिफा) या फुटबॉल गेममधलं क्लब्स खेळता, म्हणजे प्रत्येक जण एकच खेळाडू चालवतो, उरलेले पाच खेळाडू एआयचे, म्हणजे गेमच चालवतो ते, मॅचला तीन-चार गोल सहज मारता आणि तरी हरता कारण खाता त्याहून जास्त, आणि आता सेंटर बॅक, म्हणजे मधला डिफेंडर, उंच-धिप्पाड करायचा की स्पीडवाला करायचा यावरून ग्रुपमध्ये भांडणं लागलीत. माझं मत विचारशील तर बिल्डला, म्हणजे खेळाडूच्या उंची-वजन-स्पीडच्या घडणीला, सध्या हातच लावू नका. स्पीडवाला सेंटर बॅक चुकीच्या जागी फक्त लवकर पोचतो, बाकी काही होत नाही.

तू ७८ व्या मिनिटाला खाल्लेला जो गोल लिहिलायस ना, त्यातच सगळं आहे. त्यांचा राईट विंगर बॉल घेऊन कॉर्नर फ्लॅगकडे गेला. तुमचा लेफ्ट बॅक त्याच्यावर गेला, ठीक, ते त्याचंच काम. मग डावा सेंटर बॅक पण गेला, कारण त्याला वाटलं लेफ्ट बॅक हरतोय. आणि मग सीडीएम, म्हणजे डिफेन्सच्या पुढ्यात खेळणारा मिडफिल्डर, तो पण मदतीला धावला. म्हणजे एका विंगरवर तुमचे तीन जण, ते पण अशा कोपऱ्यात जिथून त्याला गोल मारणं जवळपास अशक्य होतं. त्याने काय केलं, शांतपणे मागे बॉक्सच्या तोंडाशी कट बॅक, म्हणजे गोललाईनजवळून उलटा मागे पास, दिला आणि तिथे त्यांचा माणूस एकटा उभा, त्याच्या पाच-सहा मीटरमध्ये कुणी नाही, समोर फक्त कीपर. तू लिहिलंस की ‘सेंटर बॅक स्लो पडला’. अरे तो स्लो नाही पडला, तो तिथे जायलाच नको होता.

कबड्डी आठव. रेडर आत आला की कॉर्नरवाला पाय धरायला झेप घेतो, पण त्या क्षणी कव्हरवाले रेडरच्या अंगावर नाही जात, ते त्याच्या परतीच्या वाटेवर सरकतात, कारण कॉर्नरची पकड सुटली तर रेडर कुठून पळणार हे त्यांना माहीत असतं. फुटबॉलमध्ये, आणि त्या गेममध्ये सुद्धा, डिफेन्स म्हणजे हेच. बॉलवर कोण जाणार हे ठरवणं सोपं असतं. कोण नाही जाणार हे ठरवणं अवघड, आणि तुमच्या सहा जणांत ते कुणीच ठरवत नाहीये.

आता पहिल्या माणसाचं काम बघ, म्हणजे जो बॉलवर जातो तो. त्याने बॉल काढून घ्यायचाय असा बहुतेकांचा समज असतो, म्हणून तो स्प्रिंट दाबून थेट घुसतो, समोरचा एक टच बाजूला मारतो आणि हा पुढे निघून जातो. पहिल्या माणसाचं खरं काम वेळ खाणं आहे. कंट्रोलरवरचं एल टू दाबून जॉकी, म्हणजे अंतर राखून समोरच्याच्या तोंडासमोर सरकत राहणं, गोल आणि बॉल यांच्यामध्ये स्वतःचं अंग, आणि समोरच्याला साईडलाईनकडे ढकलत न्यायचं. गोल ७.३२ मीटर रुंद आहे, पण बाजूने बघितला की तोच गोल चिंचोळा होत जातो, त्यामुळे विंगर जितका बाहेर तितका तो कमी धोक्याचा. टॅकल कधी मारायचा तर त्याचा टच लांब पडला तेव्हा, किंवा तो वळताना बॉल अंगापासून सुटला तेव्हा. त्याआधी बटणाला हात नाही. फिफा १२ मध्ये, म्हणजे २०११ साली, टॅक्टिकल डिफेंडिंग आलं, त्याआधी बटण दाबून धरलं की खेळाडू आपणहून बॉलवर तुटून पडायचा. तेव्हापासून अंतर राखणं आणि टायमिंग हे खेळणाऱ्याच्या हातात आहे, पण आजही अर्धी पब्लिक जुन्याच पद्धतीने खेळते आणि मग म्हणते गेममध्ये डिफेन्सच नाही.

दुसरा माणूस, तुमच्या गोलमध्ये डावा सेंटर बॅक. त्याने लेफ्ट बॅकच्या मागे, थोडं आतल्या बाजूला तिरकं उभं राहायचं, साधारण अशा अंतरावर की विंगर लेफ्ट बॅकला चुकवून आत आला तर हा लगेच समोर येईल, पण सध्या बॉक्समधला स्ट्रायकर पण त्याच्या आवाक्यात राहील. एकदम चिकटून उभा राहिला तर एकाच टचमध्ये दोघं कटतात, फार लांब राहिला तर कव्हरच नाही. हे अंतर आकड्यात सांगता येत नाही, खेळून खेळूनच कळतं, पण चिकटण्याची चूक लांब राहण्यापेक्षा शंभरपट जास्त लोक करतात हे मी खात्रीने सांगतो.

आणि तिसरा, सीडीएम. माझ्या मते क्लब्समध्ये सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कुणाला नको असलेली पोझिशन. बॉल कॉर्नरकडे गेला की सीडीएमने बॉल बघायचाच नाही, बॉक्सच्या तोंडावर जो ‘डी’, म्हणजे अर्धगोल, असतो तिथे येऊन उभं राहायचं आणि मागून कोण येतंय ते बघायचं. कट बॅक तिथेच येतो. नेहमी तिथेच येतो, कारण ऑनलाईन प्रत्येकाला तोच गोल मारायला शिकवलेलं आहे. तुमचा सीडीएम जर एआय असेल तर त्याला होल्डिंग रोल आणि फोकस डिफेंड करून ठेवा, तो निदान जागा सोडून बोंबलत फिरणार नाही. माणूस असेल तर असा माणूस बसवा ज्याला गोल मारायची खाज नाही. इंदिरानगरचा माझा एक मित्र आहे, पूर्ण मॅचमध्ये त्याचं रेटिंग कधी चमकत नाही, असिस्ट नाही गोल नाही, पण तो ज्या दिवशी नसतो त्या दिवशी आम्ही दुप्पट गोल खातो. असा एक शोधा आणि त्याला जपा.

पलीकडच्या बाजूचा फुलबॅक, म्हणजे तुमच्या त्या गोलमध्ये राईट बॅक, त्याने आत सरकायचं, जवळजवळ सेंटर बॅकच्या जागेपर्यंत, आणि लांबच्या पोस्टला कोण येतोय यावर डोळा ठेवायचा. इथे कॅमेऱ्याचा विषय येतो. तुमच्यापैकी डिफेंडर जर जवळचा कॅमेरा लावून खेळत असतील तर त्यांना पलीकडची बाजू दिसतच नसणार. झूम कमी करा, उंची वाढवा, खेळाडू बारीक दिसतील पण अर्धं मैदान डोळ्यासमोर येईल. आणि खाली रडार, म्हणजे मैदानाचा छोटा नकाशा, असतो त्याच्याकडे बघायची सवय लावा, तो शोभेला नाही.

आता लाईन, म्हणजे मागच्या डिफेंडरांची रांग. तू लिहिलंस की ‘थ्रू बॉलवर (डिफेंडरांच्या मधून मागे सोडलेल्या पासवर) दर वेळी फसतो, ऑफसाईड लागतच नाही’. ऑफसाईड ठरतो तो बचाव करणाऱ्या टीमच्या मागून दुसऱ्या खेळाडूवरून, कीपर धरून. १९२५ पर्यंत तीन जण लागायचे, मग दोन झाले, आणि १९९० पासून अटॅकर त्या दुसऱ्याच्या बरोबरीत असला तरी ऑनसाईड. म्हणजे बाकीची लाईन कितीही सरळ असू दे, एक माणूस दोन पावलं मागे राहिला की त्यांचा स्ट्रायकर त्याच्या रेषेपर्यंत आरामात उभा राहू शकतो. तुमच्यात एक सेंटर बॅक माणूस आणि एक एआय आहे ना, तर लाईन मोडणारा जवळपास नक्की माणूसच असणार, कारण एआय मेन्यूत लावलेल्या उंचीप्रमाणे पुढे-मागे होतो आणि माणूस घाबरून आधीच पळत सुटतो. उपाय साधा आहे, माणसाने एआयच्या रेषेत राहायचं, एआय माणसाची वाट बघत नाही. आणि समोरच्याकडे बॉल असताना त्याच्यावर कुणीच दाब टाकत नसेल, तो मान वर करून बघतोय, तेव्हा लाईन वर ठेवायची नाही, चार पावलं मागे यायचं. दाब असेल तर वर. हा एक नियम पाळलात तरी थ्रू बॉलचे निम्मे गोल बंद होतील असं मला वाटतं.

कोच आरिगो साक्कीची इटलीतली एसी मिलान, जिने १९८९ आणि १९९० ला लागोपाठ युरोपियन कप जिंकला, तिच्याबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध आहे की साक्की सरावात खेळाडूंना बॉलशिवाय हलवायचा. बॉल इथे आहे असं समजा, आता सगळे सरका, आता तिथे गेला, परत सरका. मागची लाईन आणि सगळ्यात पुढचा खेळाडू यांच्यात साधारण २५ मीटरच अंतर राहावं असा त्याचा आग्रह होता. बारेझी, माल्दिनीसारखे डिफेंडर असून हा आग्रह, हे लक्षात घे. तुमच्याकडे बारेझी नाही तर तुम्हाला अंतराची जास्तच गरज आहे. पूर्ण मैदान १०५ मीटर, तुमची टीम पुढचे चौघे त्यांच्या बॉक्समध्ये आणि सेंटर बॅक आपल्या बॉक्समध्ये अशी ताणलेली असेल तर मधली साठ-सत्तर मीटरची पट्टी समोरच्याला आंदण दिलेली आहे.

आणि इथेच तुझ्या ‘आम्ही चार गोल मारतो’ चं उत्तर आहे. तुम्ही चार मारता कारण सगळे वर जाता, आणि पाच खाता ते पण सगळे वर जाता म्हणूनच. दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीत ते. बॉल आपल्याकडे असतानाच ठरलेलं पाहिजे की तो गेला तर मागे कोण आहे. एक फुलबॅक वर गेला की दुसरा थांबणार, दोन्ही सेंटर बॅक आणि सीडीएम हाफवे लाईनच्या आसपास राहणार, विषय संपला. एखादा अटॅक कमी होईल, होऊ दे.

बोलण्याबद्दल. सहाही जण माईकवर असता पण बोलता काय, ‘अरे पकड पकड’, ‘कुणीतरी जा रे’. ‘कुणीतरी’ म्हटलं की तिघं जातात किंवा कुणीच जात नाही. आमच्यात ठरलेलं आहे, जो सगळ्यात जवळ तो ‘मी’ म्हणतो आणि बाकीचे आपापली जागा धरतात. सीडीएम ‘डी माझा’ म्हणतो. मागे मोकळा माणूस दिसला की आधी नाव घ्यायचं, मग ‘मागे’. नाव नंतर घेतलं तर प्रत्येक जण मागे वळून बघतो. रागवारागवी सगळी मॅच संपल्यावर, गोल खाल्ल्यावर किकऑफपर्यंत एक शब्द नाही. यावर मी फार कडक आहे, कारण गोल खाल्ल्यावर पुढच्या दोन मिनिटांत दुसरा खाणाऱ्या टीम मी इतक्या बघितल्यात आणि प्रत्येक वेळी त्या भांडत असतात.

नेटचं पण बघा. संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचं वायफाय चालू असतं तेव्हा सिडकोच्या दाटीवाटीत सिग्नल आपटतो, त्यामुळे राउटरपासून सरळ लॅन केबल ओढा आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवा, पावसाळ्यात लाईट गेली तर निदान कनेक्शन तरी टिकेल. आणि लॅग असेल त्या दिवशी समोरच्यापासून एक पाऊल जास्त अंतर ठेवून जॉकी करा, कारण तुम्हाला स्क्रीनवर जे दिसतंय ते होऊन गेलेलं असतं, टॅकल उशिराच पडणार. लॅगमध्ये स्लाईड म्हणजे पेनल्टी देणं.

सरावाला एक करून बघा. एक अख्खी संध्याकाळ फ्रेंडली खेळा ज्यात आपल्या बॉक्समध्ये आणि त्याच्या आजूबाजूला टॅकलचं बटण बंद, फक्त जॉकी, पास अडवणं आणि शॉट ब्लॉक करणं. पहिल्या एक-दोन मॅच चिडचिड होईल, हरालही. मग तुमच्या लक्षात येईल की समोरचे स्वतःहूनच किती बॉल देतात. आणि खाल्लेल्या प्रत्येक गोलचा रिप्ले बघताना बॉल बघू नका, शॉट मारणारा माणूस पाच सेकंद आधी कुठे होता आणि तेव्हा त्याच्याजवळ आपलं कोण होतं ते बघा. रश मोडवर सराव करू नका, पाच-पाच जणांच्या त्या छोट्या मैदानात सगळ्यांनी बॉलवर जाणं खपून जातं आणि ऑफसाईड पण फक्त शेवटच्या तिसऱ्या भागात आहे, तीच सवय मग इकडे येते.

शेवटचा तुझा प्रश्न, सातवा मित्र मिळतोय, नाशिकरोडचा, त्याला कीपर करावं का. नको. एआय कीपर सरळ शॉट बऱ्यापैकी अडवतो, आणि नवीन माणूस कीपर झाला की कंटाळून बाहेर धावत येतो. त्याला त्या एआय सेंटर बॅकच्या जागी पण नको घालू लगेच, कारण मग लाईन धरणारा एकमेव खेळाडू जाईल. त्याला सीडीएम द्या, तू लिहिलेल्या त्या गोलच्या वेळी मोकळी राहिलेली जागा तीच आहे, आणि पहिल्या दिवशीच सांगा की कॉर्नर फ्लॅगकडे फिरकायचं नाही.