कॉपी-पेस्ट केलेली विंडोज चालू का होत नाही?

प्रश्न: हार्डडिस्कवरच्या सगळ्या फाईल्स नव्या एसएसडीवर कॉपी केल्या, तरी पीसी त्यावरून चालूच होत नाही. एसएसडी खराब आहे का?

उत्तर: नाही हो, एसएसडी बहुतेक ठणठणीत असणार. जुन्या पीसीत बायोस (पीसी चालू होताच सगळ्यात आधी धावणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डिस्कचा अगदी पहिला 512 बाइटचा सेक्टर म्हणजे छोटा तुकडा वाचतो, त्यात बूट कोड (विंडोज सुरू करायची सुरुवात करणारा छोटा प्रोग्राम) आणि पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) असतं, आणि हा सेक्टर कुठल्याच फाईलमध्ये नसल्यामुळे कॉपी-पेस्टमध्ये येतच नाही. नव्या पीसीत बायोसच्या जागी यूईएफआय असतं, ते फॅट32 (फाईल्स साठवायची एक पद्धत) मधल्या एका छोट्या पार्टिशनवरून बूटलोडर म्हणजे विंडोज सुरू करणारा प्रोग्राम उचलतं, पण ते पार्टिशन एक्सप्लोररमध्ये दिसत नाही म्हणून तेही राहून जातं. म्हणून फाईल्स कॉपी न करता पूर्ण डिस्क क्लोन करा, म्हणजे या लपलेल्या भागांसकट जशीच्या तशी नक्कल करा, आणि एसएसडीवरून नीट बूट होईपर्यंत जुनी डिस्क प्लीज फॉरमॅट करू नका.