टेपर सुरू झालं की झोप का उडते?

मी नाशिकमध्ये समुपदेशन करते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. विचारणारे वेगवेगळे असतात. सातपूरच्या कारखान्यातला सुपरवायझर असतो, कॉलेज रोडवरची डेंटिस्ट असते, निवृत्तीनंतर धावायला लागलेले बँक अधिकारी असतात. प्रश्न मात्र तोच: "मॅडम, इतके महिने घाम गाळला आणि आता शेवटी कमी धावायला सांगतात. केलेलं सगळं जाणार तर नाही ना?"

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि नाशिकहून बरेच जण तिला जातात. शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत धावण्याचे किलोमीटर ठरवून कमी करायचे, याला धावणारी मंडळी टेपर म्हणतात. पहिल्यांदाच फुल मॅरेथॉन धावणाऱ्यांना त्याचा त्रास होत नाही. त्यांना कशीबशी पूर्ण करायची असते, टेपर म्हणजे सुटीच वाटते. झोप उडते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्यांची, ज्यांची वेळ दरवर्षी सुधारते आहे. त्यांच्याकडे आता गमावण्यासारखं काहीतरी असतं.

यंदा हे लिहायला बसले ते दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारामुळे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या आसपास. पहिली फुल मॅरेथॉन पाच तासांत झाली, पुढची साडेचार तासांत, आणि आता चार तासांच्या आत यायचं होतं. मधल्या वर्षी मात्र घोटाळा झाला होता. शर्यतीला दहा दिवस राहिले असताना ते एकटेच तीस किलोमीटर धावून आले, आणि मुंबईत तिसाव्या किलोमीटरनंतर पाय संपले. पेडर रोडचा चढ त्यांनी चालत पार केला.

"दहा दिवस आधी तीस किलोमीटर कशासाठी?" मी विचारलं.

"खात्री करायची होती, मॅडम."

"झाली?"

"झाली ना. एकदम भारी वाटलं."

"किती वेळ?"

ते थोडे हसले. "संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

पुढच्या सगळ्या भेटींचं सार या चार वाक्यांत होतं, पण ते मी त्यांना लगेच सांगितलं नाही. माझी पद्धत तशी नाही. मी ज्या विचारधारेत घडले तिचं म्हणणं असं, की माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, घटनेबद्दल त्यानं मनाशी धरलेला हट्ट करतो. इथे हट्ट होता खात्रीचा. शर्यतीचा निकाल रविवारी लागणार, पण त्यांना तो आधीच्या बुधवारी हवा होता.

एरवी ही खात्री रोज मिळत असते. पहाटे उठायचं, पंधरा किलोमीटर धावायचं, मोबाइलवर आकडे बघायचे, की मन गप्प. टेपरमध्ये हा रोजचा पुरावा बंद होतो. कमावलेला दम जातो म्हणून ही माणसं घाबरत नाहीत, दम आहे हे दाखवणारा कागद रोज हातात पडत नाही म्हणून घाबरतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक धावपटूंत मला हेच दिसलं आहे. ही माणसं स्वभावानंच कष्टाळू. काळजी वाटली की काहीतरी करायचं, ही त्यांची सवय, आणि तीच त्यांना इथवर घेऊन आलेली. नेमक्या याच दोन आठवड्यांत त्यांना सांगितलं जातं की काही करू नका.

दुसऱ्या वेळी त्यांची पत्नीही सोबत आली. तिनं एका वाक्यात सगळं चित्र उभं केलं. "मॅडम, हे सकाळी उठल्या उठल्या आवंढा गिळून बघतात, घसा दुखतोय का म्हणून. मग गुडघा वाकवून बघतात. मग मला विचारतात, माझा चेहरा उतरलाय का."

आम्ही तिघंही हसलो. पण हा प्रकार फार जणांचा असतो. साठ किलोमीटरच्या आठवड्यात जो गुडघा बोलत नव्हता, तो टेपरमध्ये बोलायला लागतो. बऱ्याचदा तो आधीही कुरकुरत असतो, लक्ष द्यायला वेळ नसतो एवढंच. एकाच जागी दुखतं, चालतानाही दुखतं, दिवसागणिक वाढतं, असं असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जायलाच हवं. आज डावा, उद्या उजवा, परवा टाच असं फिरतं दुखणं असेल, तर दुखऱ्या जागेचं नाव लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी वाचा. यादीतलं निम्मं आठवतसुद्धा नाही.

मग मी थोडं डिवचलं. "समजा, चार तास पाच मिनिटं लागली. मग काय?"

"गावात काय तोंड दाखवू? सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"चार तास आणि चार तास पाच मिनिटं, यातला फरक गावात किती जणांना कळेल?"

ते विचारात पडले, आणि मग मोठ्यानं हसले. "एकालाही नाही. ते एवढंच विचारतात, पहिला नंबर आला का?"

इथे मी त्यांना कविता राऊत यांची आठवण करून दिली. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी 2 तास 38 मिनिटांत मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकला त्यांना जवळजवळ तीन तास लागले. ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या धावपटूलाही दिवस असा भेटू शकतो. आणि म्हणून सावरपाडा एक्स्प्रेस हे नाव कुणी परत मागितलं नाही.

भीती थोडी सैल झाली होती, पण हात अजून स्वस्थ नव्हते. तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, "सगळं पटतं मॅडम, पण पहाटे पाचला जाग येते आणि पाय ओढतात. दहा किलोमीटर ठरलेले असतात आणि मी अठरा करून येतो."

मी विषय बदलला. निदान त्यांना तसं वाटलं. "बाग कशी आहे?"

"यंदा चांगली आहे. माल महिन्याभरात निघेल."

"सध्या काय काम असतं?"

"आता विशेष नाही. औषध बंद केलं. एक्स्पोर्टचा माल आहे, औषधाचा अंश, रेसिड्यू सापडला तर कंटेनर घेत नाहीत. काढणीआधी ठरलेले दिवस फवारणी नाही."

"आणि ढग आले तर?"

"तेच ना. मागच्या आठवड्यात दोन दिवस आभाळ होतं. भुरी रोगाची धास्ती. हात नुसते शिवशिवतात."

"फवारलं?"

"छे! आता फवारलं तर वर्षाचं गेलं."

"मग काय केलं?"

"काय करणार? बागेत चक्कर मारली. दोन-चार मणी तोडून साखर बघितली. घरी आलो."

"चक्कर मारून साखर वाढली?"

"आपल्या चक्कर मारण्यानं कशी वाढेल? पानांनी काम केलेलं असतं, मॅडम. साखर मण्यात आपोआप उतरते. आपण फक्त…"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग पत्नीकडे. ती आधीच हसत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. असा क्षण आला की समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं, हे मला अनुभवानं शिकवलं आहे. नवखी मंडळी नेमकं इथेच समजावून सांगायला जातात आणि समोरच्याच्या हातात आलेली गोष्ट काढून घेतात.

शेवटी तेच म्हणाले, "म्हणजे ते तीस किलोमीटर म्हणजे काढणीच्या तोंडावर मारलेली फवारणी होती."

मला त्या दिवशी फार समाधान वाटलं, हे कबूल करते. धीर धरायला मी त्यांना शिकवलं नाही. आभाळ भरून आलेलं असताना पंप बाजूला ठेवून घरी येणारा हा माणूस. इतका धीर माझ्यात नाही. तो धीर एका शेतात होता आणि शेजारच्या शेतात पोचला नव्हता, एवढंच. समुपदेशनाचं माझ्या मते निम्मं काम हेच आहे. माणसाला ज्या जागी जमतं ती जागा शोधायची आणि त्याला तिथे उभं करून प्रश्नाकडे बघायला लावायचं.

त्यानंतर आमचं बोलणं सोपं झालं. चक्कर मारायची परवानगी होती, फवारणीची नव्हती. धावण्याच्या शास्त्राचंही हेच सांगणं आहे. टेपरवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात जास्त फायदा दिसला तो साधारण दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये. अंतर 41 ते 60 टक्क्यांनी कमी केलेलं, पण वेग आणि आठवड्यातले धावण्याचे दिवस जवळपास तेच ठेवलेले. म्हणजे घरी बसायचं नाही. मंगळवारी धावता ना, मग मंगळवारीच धावा, पण बाराऐवजी सहा-सात किलोमीटर. त्यातले दोन-तीन शर्यतीच्या वेगानं. पाय जागे राहतात आणि मनालाही थोडा पुरावा मिळतो. शेवटचा मोठा लाँग रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपलेला असावा. त्यानंतर केलेल्या कष्टांचं फळ शर्यतीपर्यंत हाती लागत नाही, थकवा मात्र लागतो.

या दिवसांत स्नायूंची झीज भरून निघते आणि त्यांतला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून ठेवलेल्या साखरेचा, साठा वाढतो. ग्लायकोजेन आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे वजन किलो-दीड किलोनं वाढू शकतं. पाय जड वाटतात. हे सगळं चांगलं चालल्याचं लक्षण आहे, पण घाबरलेल्या माणसाला उलटंच वाटतं. म्हणून त्यांच्या पत्नीला मी वजनकाटा माळ्यावर टाकायला सांगितला. व्यवस्थित टेपरनं वेळेत दोन-तीन टक्के सुधारणा झालेली बऱ्याच अभ्यासांत दिसते. चार तास दहा मिनिटांच्या धावपटूला दोन टक्के म्हणजे पाच मिनिटं. ती पाच मिनिटं आदल्या आठवड्यात जास्त धावून कुणालाही मिळालेली नाहीत.

मुंबई मॅरेथॉनच्या आठवड्यात आपल्याकडे आणखी एक गंमत असते. संक्रांत! भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, दुसऱ्या दिवशी तूप सोडलेली गुळाची पोळी. खा, आनंदानं खा. पण शर्यत दोन दिवसांवर आली की चोथ्याचं आणि तेलकट बंद. मऊ भात, बटाटा, इडली, केळी, आणि हे नेहमीपेक्षा जास्त. क्रीडा आहारतज्ज्ञ या दोन दिवसांत रोज वजनाच्या दर किलोला 8 ते 12 ग्रॅम कर्बोदकं सांगतात. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. मिसळ रविवारी संध्याकाळी परतल्यावर. नवे बूट, नवं एनर्जी जेल, एक्स्पोमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, घेतलेला नवा टी-शर्ट यातलं शर्यतीच्या दिवशी काहीच नको.

पाण्याबद्दलही भीतीपोटी अतिरेक होतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर तपासलेल्या धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं होतं, आणि जास्त पाणी पिणं हे त्यामागचं मोठं कारण होतं. तहान लागेल तसं प्या. प्रत्येक टेबलावर थांबून ग्लास रिकामा करायचा नसतो.

नाशिककरांनी हवेचाही विचार करावा. जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे पहाटे बोटं आखडतात, आणि मुंबईत सूर्य उगवायच्या आतच अंग चिकट होतं. इथल्या थंडीत जो वेग सहज निघतो तो तिथे त्याच कष्टात निघेलच असं नाही. चार तासांसाठी दर किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद लागतात. आम्ही ठरवलं, पहिले पाच किलोमीटर 5:50 च्या आसपास, गर्दीतून वाट काढत पळायचं नाही. आणि मनाशी तीन आकडे धरायचे. सगळं जमून आलं तर चार तासांच्या आत, हवा दमट निघाली तर चार तास दहा मिनिटं, आणि दिवसच वाईट असला तर पेडर रोड न चालता. तीन आकडे असले की पहिला निसटला तरी माणूस शर्यतीत राहतो.

आदल्या रात्री झोप येत नाही, ही तक्रार मी आता गंभीरपणे घेत नाही. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनं मॅरेथॉन बिघडत नाही. ती येणार नाही असं धरूनच चाला, आणि गुरुवार-शुक्रवारची झोप सांभाळा. शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन, एक्स्पोत तीन तास उभं राहून, संध्याकाळी नातेवाइकांकडे जेवायला जाणारे लोक मला माहीत आहेत. शक्य असेल तर शुक्रवारीच एक्स्पोतून बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेऊन मोकळे व्हा. सुरुवातीच्या रेषेवर छाती धडधडली तर स्वतःला 'शांत हो' म्हणू नका, ती काही ऐकत नाही. 'तयार आहे मी' म्हणा. शरीर त्याच धडधडीतून पळायची ताकद काढत असतं. धडधडीबरोबर छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र सरळ वैद्यकीय कक्षात जा. आणि झोप नसणं, घाबरणं शर्यत संपल्यावरही आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, तर तो टेपरचा प्रश्न नव्हता, नीट तपासून घ्या.

सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. चार तास तीन मिनिटं. पेडर रोड पळत चढले होते. आवाजात तीन मिनिटांची रुखरुख होती, आणि असू दे की. मी अभिनंदन करते न करते तोच त्यांनी विचारलं, "मॅडम, उद्यापासून हळूहळू सुरू करू का?"

"काढणी कधी आहे?" मी विचारलं.

"दहा-बारा दिवसांत."

"मग ती उरका. त्यानंतर भेटू."