कवीला कारखान्याची फिल्म मिळते तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री वाचला. साखर कारखान्याची 15 मिनिटांची फिल्म मिळतेय आणि तू विचारतोस की नाही सांगून टाकू का, मी कविता लिहिणारा माणूस, ही असली पीआरची कामं कशाला करू. नाही म्हणू नकोस. बंगाली दिग्दर्शक बुद्धदेव दासगुप्तांचे पिक्चर तुला आवडतात ना, मग त्यांच्याच डॉक्युमेंटरींबद्दल लिहितो, त्या डॉक्युमेंटरींविषयी फारसं कोणी बोलत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

हा माणूस आधी कवी. जन्म 1944 चा, पुरुलिया जिल्ह्यातला, वडील रेल्वेत डॉक्टर. पुढे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, पण वर्गात शिकवतोय ते आणि बाहेर त्या नक्षलवादी काळातल्या बंगालमध्ये दिसतंय ते, याचा मेळ बसेना म्हणून नोकरी सोडली. पहिली छोटी डॉक्युमेंटरी 1968 ची, 10 मिनिटांची. पहिला मोठा कथापट 'दूरत्व' आला थेट 1978 मध्ये. मधल्या काळात कविता चालूच होती, आणि डॉक्युमेंटरीही.

आता त्या डॉक्युमेंटरींची यादी बघ. 1981 मध्ये स्टीलवर, 1985 मध्ये काचेवर, 1986 मध्ये सिरॅमिक्सवर. नाव व्हायच्या आधीची पोटापाण्याची कामं म्हणावं तर तसंही नाही, कारण त्यांच्या 'बाघ बहादुर' या कथापटाला 1989 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 1990 मध्ये साहेब तागाच्या इतिहासावर फिल्म करतायत! तुला ताग म्हटलं की गोणपाट आठवेल आणि कंटाळा येईल. पण फाळणी झाली तेव्हा तागाची बरीचशी शेतं पूर्व पाकिस्तानात गेली आणि हुगळीकाठच्या गिरण्या इकडे राहिल्या, म्हणजे पीक एका देशात आणि माग दुसऱ्या देशात, आणि पाण्यात उभं राहून कुजलेल्या काड्यांवरून धागा सोलणारा माणूस मात्र दोन्हीकडे तोच. यात कविता नाही असं कोण म्हणेल?

अजून एक गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. 1973 मध्ये त्यांनी क्षीरोद नट्ट नावाच्या ढोलवादकावर डॉक्युमेंटरी केली, 'ढोलेर राजा'. 16 वर्षांनी 'बाघ बहादुर' आला. त्यातला घुनुराम बाहेरगावी मजुरी करतो आणि वर्षातून एकदा गावी येऊन अंगावर पिवळा रंग फासून, काळे पट्टे ओढून वाघ होऊन नाचतो, आणि त्याच्यासाठी ढोल वाजवतो म्हातारा सिबल. मग सर्कसवाले खराखुरा बिबट्या घेऊन येतात आणि लोक तिकडे वळतात. त्या म्हाताऱ्याची मुळं मला क्षीरोद नट्टांच्या फिल्ममध्ये दिसतात. हे माझं मत आहे, पण ज्याने वादकाच्या समोर बसून आधी काम केलंय त्यालाच असं पात्र सुचतं. ऐकीव माहितीवर लिहिलं की ते पात्र लगेच पोकळ वाटतं.

चित्रकार गणेश पाईनांवरची त्यांची फिल्मही मिळाली तर बघ. पाईन म्हणजे मितभाषी माणूस, कोलकाता सोडून फारसा कुठे न जाणारा, टेम्परामध्ये, म्हणजे लवकर सुकणाऱ्या रंगांत, पातळ थरांवर थर देत सावकाश चित्रं करणारा, 1946 च्या दंगलीत लहानपणी पाहिलेलं मरण त्या काळ्यानिळ्या रंगांत आयुष्यभर घेऊन फिरलेला. अशा माणसासमोर माईक धरून 'तुमची प्रेरणा काय' विचारून काय हाती लागणार? चित्राजवळ थांबावंच लागतं.

तर तुझ्या कारखान्याचं. चेअरमनसाहेबांचा बाईट घ्यावा लागेल, घे, 2 मिनिटांत उरक. मग फडात जा. बीडकडून आलेली जोडपी पहाटे अंधारातच ऊस तोडायला लागतात. डोक्यावर मोळी घेऊन एखादी बाई फळीवरून ट्रकमध्ये चढते, ती फळी तिच्या पायाखाली वाकते, तो शॉट मध्येच कापू नकोस, ती वर पोचून मोळी टाकून परत खाली येईपर्यंत कॅमेरा चालू ठेव. गव्हाणीजवळचा, म्हणजे कारखान्यात ऊस आत टाकतात तिथला, आवाज वेगळा रेकॉर्ड कर, तिथे ऊस पडतो तो आवाज नंतर स्टुडिओत मिळणार नाही. आणि प्लीज, वरून स्वतःची कविता वाचू नकोस. मोह होईल, तुझा आवाज चांगला आहे म्हणून तर जास्तच होईल. तुझ्यातला कवी कुठला शॉट किती वेळ ठेवायचा यात दिसू दे.

कारखानेवाले ऊसतोडीचा भाग काढा म्हणतील, बहुतेक म्हणतीलच. त्यांच्या फायनलमधून काढावा लागला तर काढ, पण करार करतानाच शूट केलेलं फुटेज तुझ्याकडे राहील असं लिहून घे. ही अट सोडू नकोस, पैसे थोडे कमी झाले तरी चालतील. तुझी पुढची फिल्म त्यातूनच निघेल बघ.

गाळप सुरू व्हायच्या आधी एकदा नुसता जाऊन ये, कॅमेरा न घेता. रफ कट झाला की लिंक पाठव, व्हॉइसओव्हर न टाकता.

तुझा,
दादा