बायबलमधली जलप्रलयाची गोष्ट चोरलेली आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नोहाच्या तारवाची कथा मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकच्या मुलखातल्या) मूर्तिपूजकांकडून चोरली हे खरं का, आणि खरं असेल तर एकच देव मानणाऱ्या धर्मांचं त्यात स्वतःचं काय उरतं. पहिलीचं उत्तर सोपं आहे. कथा बायबलपेक्षा खूप जुनी आहे आणि अभ्यासकांमध्ये याबद्दल वाद नाही. 'चोरली' हा शब्द मात्र मला पटत नाही. तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून मी बराचसा वेळ त्यालाच देणार आहे.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. निवृत्तीनंतर मुलाकडे लंडनला गेले, तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये प्रलयाची कथा कोरलेली मातीची पाटी पाहिली. तळहाताहून थोडी मोठी, कडा फुटलेल्या, आणि अंगभर पाखरांच्या पावलांसारख्या खुणा. इ.स.पूर्व सातव्या शतकात निनवे इथे असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात ती होती. तिच्यावरचा मजकूर वाचला जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने. तो मूळचा नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा कारागीर. त्या खुणांची कीलाकार लिपी तो आपली आपण शिकला आणि म्युझियममध्ये नोकरीला लागला. १८७२ साली पाट्या चाळताना त्याला एका ओळीत डोंगराला टेकलेली नाव आणि बाहेर सोडलेलं कबुतर सापडलं. त्या वर्षीच्या ३ डिसेंबरला त्याने लंडनमध्ये हा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते.

पाटीवरची, म्हणजे गिल्गमेश नावाच्या बाबिलोनी महाकाव्यातली, गोष्ट अशी. देवांनी मिळून माणसं बुडवायचं ठरवलं आणि कुणालाही कळू न देण्याची शपथ घेतली. इया नावाच्या देवाला मात्र हे मान्य नव्हतं. शपथ मोडायची नाही म्हणून तो माणसाशी न बोलता त्याच्या घराच्या कुडाशी बोलला: कुडा, ऐक, घर मोड आणि नाव बांध. कुडाच्या आत तो माणूस, उतनपिश्तिम, ऐकत होता. त्याने नाव बांधली, जनावरं चढवली. सहा दिवस, सात रात्री वादळ झालं. पाणी ओसरताना त्याने आधी कबुतर सोडलं, मग पाकोळी, मग कावळा. कावळा परतला नाही, तेव्हा त्याने बाहेर येऊन देवांना नैवेद्य जाळला. वास येताच देव माश्यांसारखे त्याच्याभोवती जमले.

हीच गोष्ट 'अत्रहसिस' नावाच्या काव्यातही आहे आणि त्याच्या इ.स.पूर्व सतराव्या शतकातल्या प्रती मिळाल्या आहेत. सुमेरी भाषेतही ती आहे, तिथे नायक झिउसुद्र. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा कावळा आणि कबुतर सोडतो, वेदी बांधून बळी देतो आणि देवाला त्याचा सुवास येतो. नाव, डोंगर, पक्षी, धूर हे सगळं याच क्रमाने दोन ठिकाणी आपोआप सुचणार नाही.

मग चोरी कशी नाही? चोरीसाठी वस्तूला मालक लागतो. ही गोष्ट हजार-दीड हजार वर्षं त्या सगळ्या मुलखात फिरत होती. गिल्गमेशच्या महाकाव्याचा एक तुकडा खुद्द इस्राएलमधल्या मगिद्दोला सापडला आहे, यहुदी लोक बाबिलोनच्या बंदिवासात गेले त्याच्या कित्येक शतकं आधीचा. मी रायगडातली आहे म्हणून मला जवळचं उदाहरण आठवतं. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी, शनवार तेली, सांगतात की त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. चित्पावनांच्या कथेत समुद्रातून वाहून आलेल्या चौदा देहांना परशुराम जिवंत करतो. एकच किनारा, एकच आकडा. आजवर कोकणात याला कुणी चोरी म्हटलेलं मी ऐकलं नाही. शेजाऱ्यांच्या गोष्टी अशाच एकमेकींत मिसळतात. याच बेने इस्राएलांनी पुढे बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली.

आता बदल पाहा, कारण एकेश्वरवाद त्या बदलांतच दिसतो.

'अत्रहसिस'मध्ये माणसं मुळात निर्माणच होतात ती देवांची कामं करायला. धाकट्या देवांनी कालवे खणून खणून संप केला, म्हणून मातीत एका मारलेल्या देवाचं रक्तमांस कालवून माणूस घडवला. पुढे माणसं वाढली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल या बड्या देवाची झोप मोडू लागली आणि म्हणून प्रलय. प्रलयात नैवेद्य बंद पडल्यावर देवच उपाशी राहिले. माश्यांची उपमा त्या भुकेमुळे आली आहे. उत्पत्तीत झोपेचं कारण गेलं आणि पृथ्वी जुलमाने भरली हे कारण आलं. भूकही गेली. बायबलमधल्या एका स्तोत्रात तर देव स्पष्ट म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे. शेवट तर पार उलटा झाला. 'अत्रहसिस'च्या शेवटी माणसं पुन्हा फार वाढू नयेत म्हणून वांझपण आणि बालमृत्यू जगात आणले जातात. नोहाला मात्र आशीर्वाद मिळतो की फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा. जुनी गोष्ट माहीत असलेल्या श्रोत्याला हे ऐकताना किती मोकळं वाटलं असेल!

आपल्याकडच्या मनू आणि माशाची गोष्ट तुम्हाला आठवली असेल. शतपथ ब्राह्मणात ती आहे, पण तिथे पूर का येतो याचं कारणच दिलेलं नाही. तिथे सगळा भर मनूने नंतर केलेल्या यज्ञावर आहे.

इथवर वाचून 'म्हणजे मूर्तिपूजकांना नीती नव्हती आणि एकेश्वरवादाने ती आणली' असा अर्थ काढू नका. तो चुकीचा ठरेल. गिल्गमेशच्याच पाटीवर प्रलयानंतर इया एन्लिलला खडसावतो: पाप करणाऱ्यालाच त्याच्या पापाची शिक्षा दे, पुराऐवजी सिंह पाठवायचा होतास, लांडगा पाठवायचा होतास, दुष्काळ पाठवायचा होतास. सरसकट सगळ्यांना बुडवणं हा अन्याय आहे, हे बाबिलोनच्या देवाने आधीच म्हणून ठेवलं आहे.

मला या सगळ्यात जे सर्वांत मोठं वाटतं ते इथेच आहे. जुन्या गोष्टीत बुडवणारा एक देव आणि वाचवणारा दुसरा. दोघांचं भांडण होतं आणि त्या भांडणामुळे माणूस जगतो. देव एकच उरला की बुडवणारा तोच आणि वाचवणाराही तोच. ते भांडण आता त्याच्या मनात शिरतं. म्हणूनच उत्पत्तीत लिहिलंय की माणूस घडवल्याचा देवाला पस्तावा झाला आणि त्याच्या मनाला दुःख झालं. असं एन्लिलला कधी वाटत नाही. पण मग इयाच्या जागी उभं राहून 'हा अन्याय आहे' असं म्हणायचं कुणी? नोहा तर प्रलय होऊन संपेपर्यंत एक शब्दही बोलत नाही. बोलतो तो पुढे अब्राहाम, यहुद्यांचा मूळपुरुष. सदोम शहराचा नाश ठरल्यावर तो देवासमोर उभा राहून विचारतो, दुष्टांबरोबर तू नीतिमानांनाही नष्ट करणार का? पन्नास चांगली माणसं असली तर? पंचेचाळीस? तो दहापर्यंत घासाघीस करतो. देवाला जाब विचारण्याचं जे काम आधी दुसऱ्या देवाचं होतं, ते इथे माणसाने उचललं आहे.

या बदलात हरवलंही बरंच काही आणि ते मला लपवायचं नाही. बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात इजिप्तला पळालेल्या यहुदी बायका त्याला तोंडावर सांगतात: आकाशाच्या राणीला पोळ्या वाहत होतो तोवर पोटभर खात होतो, ते बंद केलं आणि आमच्यावर उपासमार आणि तलवार आली. यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमच्या मंदिराच्या दारात तम्मुज या जुन्या देवासाठी रडणाऱ्या बायका पाहिल्या. धर्म बदलताना घराघरातल्या बायकांचं काय सुटलं, हे ग्रंथात अशा एखाददुसऱ्या ओळीतच दिसतं. तम्मुज हे नाव मात्र आजही यहुदी पंचांगातल्या एका महिन्याला आहे.

एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर 'ईस्टर म्हणजे (बाबिलोनची) इश्तार देवी' असं फिरतं, त्यावर विश्वास ठेवू नका. तो नुसता इंग्रजी नावाचा योगायोग आहे. बहुतेक युरोपी भाषांत या सणाचं नाव यहुद्यांच्या पेसाख या सणावरून आलंय, आणि आपल्या गोव्यातही ते 'पास्कांचें फेस्त'च आहे. जुन्याचं नव्याशी नातं सांगायला पाट्यांसारखा पुरावा हवा.

कुराणात हीच गोष्ट हूद या सूऱ्यात येते आणि तिथे तिला आणखी एक धार येते. नूहचा (म्हणजे नोहाचा) एक मुलगा नावेत चढत नाही, मी डोंगरावर जाईन म्हणतो. दोघांच्या मध्ये लाट येते. नाव जूदी डोंगराला लागते, आणि नूह म्हणतो, माझा मुलगा माझ्या घरचाच होता ना. उत्तर येतं की तो तुझ्या घरचा नाही, त्याची कर्मं चांगली नाहीत. जे तुला ठाऊक नाही ते मागू नकोस. नूह क्षमा मागतो. त्याच सूऱ्यात पुढे इब्राहीम (अब्राहाम) लूतच्या, म्हणजे सदोमच्या, लोकांसाठी देवाशी वाद घालतो, आणि कुराण तिथेच त्याला सहनशील आणि कनवाळू म्हणतं.