माहेरी बाळंतपण, नोंद कुठे?

प्रश्न : सुनेचं नाव ऐरोलीच्या नागरी आरोग्य केंद्रात नोंदवलंय. सातव्या महिन्यात ती माहेरी जालन्याला जाईल. तिथे पुन्हा नाव घालायचं का?

उत्तर : नवी नोंद अजिबात नको. माता-बाल संरक्षण कार्डावर १२ अंकी आरसीएच क्रमांक (माता-बाल आरोग्याच्या सरकारी नोंदणीतला तिचा ओळख क्रमांक) असतो. कोरा असेल तर निघण्याआधी सिस्टरकडून लिहून घ्या. तिकडच्या आशाताईंना तोच दाखवा. नाहीतर एकाच बाईच्या दोन नोंदी होतात : इथल्या यादीत ती तपासणी चुकवणारी, तिथल्या यादीत उशिरा आलेली. हिमोग्लोबिनचे आधीचे आकडेही नव्या नोंदीत येत नाहीत. मोबाइल नंबर सुनेचाच द्या, सासऱ्यांचा नको (हे सर्रास होतं!); बाळाच्या लसी यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) त्याच नंबराने सापडतात. मूळ कार्ड सोबत, झेरॉक्स घरी.